साडेआठ लाख कसले?

'एका इंजेक्शनने जन्मजात अंधत्व दूर' हे तुमच्या लेखाचं शीर्षक कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलं आणि सकाळी सातलाच आत्तीचा फोन. तिच्या मुलाला, म्हणजे दादाला, रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार. रंकाळ्यावर फिरताना दिवेलागण झाली की दादा न बोलता माझा दंड धरतो. तोवर गप्पा रंगलेल्या असतात.

शीर्षक देताना जरा जपा हो. लेखातलं लक्सटर्ना हे जनुक-उपचाराचं औषध (अमेरिकेत मंजुरी डिसेंबर २०१७) फक्त आरपीई६५ या एकाच जनुकासाठी आहे. त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या हव्यात आणि पडद्यातल्या पेशी अजून जिवंत हव्यात. या आजारामागची जनुकं डझनावारी आहेत! शिवाय दंडात टोचून भागत नाही, ऑपरेशन करून औषध थेट पडद्याखाली सोडतात. म्हणजे आधी जनुक तपासणी, मग बाकीचं. दादाची ती अजून झालेलीच नाही.

अमेरिकेत दोन्ही डोळ्यांची किंमत ठरली साडेआठ लाख. आत्ती म्हणाली, "उसाचा तुकडा विकू की." डॉलर आहेत, हे सांगताना माझी जीभ जड झाली.

आणि नात्यातल्या लग्नांवर एक ओळही नाही? बिघडलेली प्रत आई आणि बाप दोघांकडूनही येण्याची शक्यता तिथेच तर वाढते. आत्तीचं लग्न सख्ख्या आत्तेभावाशीच झालंय. आता धाकटीसाठीही घरातलंच स्थळ बघतायत.