माग बंद पडले की आईला जाग यायची

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

सकाळी दादाकडं गेले होते. भाचा यंदा नीट (डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा) रिपीट करतोय, बरेच दिवस भेटला नव्हता. वहिनीनं पोहे दिले आणि कौतुकानं सांगितलं की त्याला एक ऑनलाइन कोर्स लावलाय, फोकस वाढवायचा. एकवीस दिवस, ४,९९९ रुपये. रोज सकाळी सहाला एक सर लाइव्ह येतात आणि लक्ष कसं टिकवायचं ते सांगतात. मोबाईलचा नाद सुटावा म्हणून मोबाईलवरचा कोर्स! शिवाय एक ॲप टाकलंय, ते दोन-दोन तास फोन लॉक करतं. पोरगा मला डोपामिन म्हणजे काय ते समजावून सांगत होता, आणि सांगता सांगता दोनदा त्याचा हात खिशाकडं गेला. फोन खिशात नव्हताच, समोर टेबलावर लॉक होऊन पडला होता.

मी चिडले. नको तेवढी चिडले. म्हटलं, अरे तुझ्या आज्जीनं दहावी कशी केली ते माहितीये का तुला?

माझ्या यादीतल्या निम्म्या लोकांना ही गोष्ट ठाऊक आहे, तरी आज परत सांगणार.

आम्ही इचलकरंजीचे. १९०४ साली तिथं पहिला यंत्रमाग आला आणि तेव्हापासून त्या गावाला शांतता म्हणून माहीत नाही. आमची खोली ज्या गल्लीत होती तिथं दोन्ही बाजूंना मागाचे कारखाने. बाबा मागावर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. आई सकाळी अंगणवाडीत मदतनीस, म्हणजे पोरं गोळा करायची, झाडलोट, खिचडी शिजवायची, आणि दुपारी घरी येऊन कांड्या (मागाला लागणारी सुताची छोटी रिळं) भरायची. कांडी मशीन आमच्या बाहेरच्या खोलीतच होतं. ते सुरू झालं की आपण काय बोलतोय ते आपल्यालाच ऐकू यायचं नाही. बाहेरचे लोक आमच्याकडं राहायला आले की रात्रभर डोळा लागायचा नाही त्यांचा, आणि आमचं उलटं, रात्री लाइट जाऊन माग बंद पडले की आई दचकून उठून बसायची. काय झालं गं, इतकं गप का झालं?

तर ह्या असल्या घरात बाईनं २००३ साली १७ नंबरचा, म्हणजे दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म भरला. वय ४१. शाळा सुटून २७ वर्षं झालेली, सातवी पास.

कशासाठी, ते महत्त्वाचं आहे.

अंगणवाडीत एक पोरगी होती तीन वर्षांची. आई रोज तिच्या ताटलीत खिचडी वाढायची, तिच्या लक्षात आलं की पोरीच्या हातातल्या काळ्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकतायत. आधी मनगटावर बसायच्या त्या. आईनं सांगून बघितलं. त्यावेळी ज्या बाई सेविका होत्या (वाईट नव्हत्या, पण सगळं कागदावर भागवायची सवय) त्या म्हणाल्या, तुम्ही खिचडीचं बघा, रजिस्टर मी बघते. मग एके दिवशी झाडताना रजिस्टर उघडं पडलं होतं त्यात आईनं बघितलं. त्या पोरीच्या नावासमोर तीन महिने एकच आकडा. ९ किलो २००. ९ किलो २००. ९ किलो २००. एकाच पेनानं, एकाच दिवशी लिहिल्यासारखा. काटा तर आढ्याला टांगलेला, त्याची झोळी धूळ खात पडलेली.

पुढच्या आठवड्यात त्या पोरीला सांगलीला दवाखान्यात न्यावं लागलं. वाचली. महिनाभरानं परत आली आणि आईच्या पदराला धरून बसायची. पण आई त्या दिवशी घरी येऊन कांडी मशीनवर बसली नाही, नुसती बसून राहिली, आणि मग म्हणाली, रजिस्टर माझ्या हातात पाहिजे. आणि रजिस्टर हातात यायचं तर सेविका व्हायला लागतंय, आणि सेविका व्हायचं तर दहावी.

एवढंच. कलेक्टर व्हायचं नव्हतं, नाव काढायचं नव्हतं, कुणाला दाखवून द्यायचं नव्हतं. एक आकडा खरा लिहायचा होता.

सुताचे कोन येतात ना, पुठ्ठ्याचे, सूत संपलं की रिकामे राहतात, त्यांवर ती बॉलपेननं लिहायची. एका कोनावर इंग्लिश स्पेलिंगं, एकावर बीजगणिताची सूत्रं, एकावर सनावळ्या. ते कोन चुलीमागच्या फळीवर रांगेनं उभे असायचे आणि भाकरी थापताना ती एकेक फिरवून वाचायची. अ अधिक ब कंसाचा वर्ग. भाकरी उलटली. अ वर्ग अधिक दोन अब. अजून ते माझ्या कानात आहे.

आणि आता विचार करा, ह्या बाईला डिस्ट्रॅक्शन किती असतील. रातपाळी करून आलेला नवरा त्याच खोलीत दिवसा झोपलेला. सासू खाटेवर, दर अर्ध्या तासानं हाक. मी नववीत, दादा कॉलेजात. ऐन पेपरच्या आठवड्यात चुलतबहिणीचं लग्न. हळदीला आई नाही म्हटल्यावर बायका काय काय बोलल्या ते मी ऐकलंय. आता काय कलेक्टर व्हायचंय काय हिला, म्हणे. आई भूमितीचा पेपर देऊन तशीच हळदीला आली, हाताला शाई आणि त्यावर हळद.

हे सगळं मी आज पोराला ऐकवलं. आवाज चढवूनच ऐकवलं. तिच्याकडं कुठला कोर्स होता, कुठलं ॲप होतं, तिला काय कुणी सकाळी सहाला उठवून फोकस शिकवला, वगैरे वगैरे. तुम्हीही माझ्या जागी असता तर हेच बोलला असता, मला माहितीये. आपण सगळे त्याच घरांतून आलोय.

पोरगा गप ऐकत होता. आणि मग एकच वाक्य बोलला. म्हणाला, "आत्या, आज्जीला माहीत होतं ती कशासाठी शिकतीय. मला कुणी विचारलंय का?"

दादा पेपर वाचत होता, त्यानं पेपर खाली केला नाही. वहिनी आत गेली.

बसमधून येताना माझा राग हळूहळू दुसरीकडंच वळायला लागला. डॉक्टर व्हायचं हे आठवीतच ठरलं, आणि ठरलं म्हणजे आम्ही ठरवलं. मीही त्यात होते. दहावीला चांगले टक्के पडले म्हणून मीच पेढे वाटत सांगितलं होतं, आता आमचा डॉक्टर. पोराला कधी रक्त बघून कसं वाटतं, आजारी माणसाशेजारी बसायला आवडतं का, काही म्हणजे काही विचारलं नाही. १८० प्रश्न आणि ७२० मार्क एवढंच त्याला दाखवलंय आम्ही. त्याच्या पलीकडं कोण उभं आहे, कुणाचं काय अडलंय, ते दाखवलंच नाही. आणि आता म्हणतोय लक्ष लागत नाही. कशावर लागावं बिचाऱ्याचं?

हो, मोबाईल ही साधी गोष्ट नाही, मान्य. आईच्या वेळी तो नव्हता. माणसाला धरून ठेवायलाच बनवलंय ते यंत्र, मोठमोठी डोकी लावून, त्याच्याशी सतरा-अठरा वर्षांच्या पोरानं एकट्यानं झगडायचं हे सोपं नाही. तेवढं मी कबूल करते.

वहिनी तर सारखी त्या मोहित्यांच्या वडगावचं उदाहरण देते. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात आहे ते. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाईल बंद. मला पण आवडलं होतं वाचून, खोटं कशाला बोलू. अख्ख्या गावानं मिळून ठरवलं, मोठ्यांनीसुद्धा फोन बाजूला ठेवले, हे फार मोठं आहे. पण भोंगा ‘फोन बंद करा’ एवढंच सांगतो. साडेसातला पुस्तक उघडून बसलेल्या पोराच्या डोक्यात काय चाललंय ते भोंग्याच्या हातात नाही. आणि आमच्या घरात तर दादाचाच फोन रात्री अकरापर्यंत हातातून सुटत नाही, तिथं भोंगा कुणासाठी लावणार?

अजून एक खरं सांगते, जे मी आज पोराला सांगितलं नाही आणि आता मला टोचतंय. आई काही तपस्विनी नव्हती. शेजारच्या काकूंकडं रोज रात्री एक सिरियल लागायची ती तिनं परीक्षेच्या वर्षात एकदासुद्धा चुकवली नाही. जेवणं आटपली की पदर खोचून जायची, अर्धा तास बघायची, काकूंबरोबर सासूला शिव्या घालायची (सिरियलमधल्या), आणि उठून यायची. चहाटळ गप्पा मारायची. उन्हाळ्यात पापडाला गेली की चार-चार तास गायब. भरकटायची की ती पण! फक्त परत यायची. फळीवरच्या कोनांपाशी यायची, कारण ते ९ किलो २०० तिथं तिची वाट बघत असायचं. मला इतकी वर्षं वाटत होतं आईचं लक्ष कधी ढळलंच नाही. आज बसमध्ये बसून आठवायला लागले तेव्हा कळलं, ढळायचं की, दिवसातून दहादा ढळायचं.

आणि मार्चमध्ये ती नापास झाली होती. गणितात. हेही मी पोराला सांगितलं नाही, गाळलं, कारण माझं भाषण रंगात आलं होतं. जूनमध्ये रिझल्ट लागला, ती एक दिवस रडली, दुसऱ्या दिवशी गणिताचे कोन सगळे टाकून नवे लिहायला घेतले. ऑक्टोबरला सुटली. ४१ टक्के. त्या ४१ टक्क्यांचा आनंद माझ्या एम.कॉम.च्या फर्स्ट क्लासला नाही आला घरात.

ज्या पोराची पहिली अटेम्प्ट गेलीये त्याला नेमकं हेच सांगायला हवं होतं ना मी? आणि मी काय सांगितलं, भाकरी आणि सूत्रं.

आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहीलच म्हणून आधीच लिहिते. ध्येय, सेवा, असं म्हणून म्हणूनच अंगणवाडीच्या बायकांना राबवून घेतलंय, त्यांना पगार नाही म्हणत, मानधन म्हणतात, आणि तेसुद्धा वाढवून घ्यायला रस्त्यावर बसावं लागतं. खरं आहे. आईसुद्धा बसलीये. ध्येयानं पोट भरत नाही. पण त्या रजिस्टरवरचा तिचा हात मानधनासाठी चालत नव्हता, हेही मी डोळ्यांनी बघितलंय.

आई अजून काम करते, सेविका म्हणून, ६३ची आहे. आता रजिस्टरबरोबर मोबाईल आलाय, त्यात पोषण ट्रॅकर, पोरांची वजनं भरायचं सरकारी ॲप. सुरुवातीला राज्यभर सेविकांनी ते फोन परत केले होते, ॲप इंग्लिशमध्ये, फोन हँग, आईनंही केला होता. आता त्याच्यावर एका बोटानं वजनं भरते, चष्मा कपाळावर, ओठ हलतायत. दंडाला पट्टी लावते, साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आलं (म्हणजे पोर अतिकुपोषित) की तिचा चेहरा बदलतो. मग आकडा भरते आणि परत एकदा काट्याकडं बघते. भाच्याचा फोन आणि हिचा फोन दुकानात शेजारी शेजारी ठेवला तर ओळखू येणार नाही कुठला कुणाचा.

संध्याकाळी तिला फोन केला. सगळं सांगितलं, मी कशी ओरडले तेसुद्धा. मला वाटलं नातवाची बाजू घेईल नाहीतर माझी. तिनं दोन्ही केलं नाही. मागं माग चालूच होते, तिला दोनदा मोठ्यानं सांगावं लागलं. म्हणाली, "त्याला सोमवारी पाठव. वजनं घ्यायची आहेत आणि आमची मदतनीस आठ दिवस गावाला गेलीय, झोळीत पोर धरायला माणूस नाही. रडतात गं, हातपाय झाडतात, काटा स्थिर होत नाही."

म्हटलं, आई, सोमवारी त्याची टेस्ट आहे.

"मग मंगळवारी पाठव. एक दिवस पोरं थांबतील."

भाच्याला मेसेज केला. ॲपनं फोन लॉक केला असणार, म्हणून दादाच्या फोनवर केला. पंधरा मिनिटांनी त्याचाच फोन आला, पहिला प्रश्न, "आत्या, रडणाऱ्या पोराला धरायचं कसं, मान कुठून?" मी सांगितलं ते जमेल तेवढं. सॉरी म्हणायचं होतं ते राहिलं, मंगळवारी बसमध्ये म्हणेन, मीही रजा टाकलीये.

वहिनीचा अजून काही निरोप नाही. सकाळी साडेसातची एसटी आहे.