पुस्तकाचा शेवट आणि पडद्यावरचा शेवट
तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘टीव्हीसाठी केलेले रहस्यपट म्हणजे कादंबरीची पातळ आमटी’ हे काही पटलं नाही. अगाथा ख्रिस्तीच्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’चंच बघा. (ज्यांनी वाचलं नाही त्यांनी पुढे वाचू नका, नंतर मला बोल लावाल!) 1934च्या कादंबरीत गुप्तहेर प्वारो खुनाची दोन उत्तरं समोर ठेवतो, सोयीचं उत्तर स्वीकारलं जातं आणि गडी मोकळा. डेव्हिड सुशे या नटाने प्वारो केलेल्या 2010च्या टीव्हीपटात तसं नाही. पोलिसांना खोटं सांगून तो बर्फातून परत चालत येतो, हातात जपमाळ, डोळ्यांत पाणी. एक शब्द नाही. खून कोणी केला हे पाठ असूनही मी तो शेवट तीनदा पाहिलाय.

आमच्या घरी मात्र ख्रिस्तीच्याच मिस मार्पल या म्हाताऱ्या हेरबाईंवरून, त्या कोणत्या नटीने छान केल्या यावरून भांडण. मी जोन हिक्सनच्या बाजूची. 1984मध्ये बीबीसीवर पहिल्यांदा मार्पल केली तेव्हा बाई 78 वर्षांच्या होत्या, आणि मार्पलच्या बाराच्या बारा कादंबऱ्या केल्या. विणकाम मांडीवर, नजर मात्र समोरच्याच्या चेहऱ्यावर. नंतरच्या मालिकेत तर मूळ गोष्टीत नसलेल्या ठिकाणीही मार्पलबाई घुसवल्यात, तिथे तुमचा राग शंभर टक्के मान्य.