‘आय-७, ४ जीबी ग्राफिक्स, २८ हजार’: या मेसेजवर पैसे लावू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “आय-७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, ४५० वॅट एसएमपीएस. तयार गेमिंग पीसी २८ हजारात, सगळे गेम चालतात. ६० हजार उगाच घालवू नका.” खानापूरच्या माझ्या भाच्यानं डिप्लोमा करता करता काम करून साठवलेले पैसे यातच घातले. पीसी उघडून बघितला तेव्हा पोटात कालवलं.

“आय-७ म्हणजे भारी.” आय-७ हे इंटेलच्या प्रोसेसरचं नुसतं घराणं, वय पुढच्या आकड्यात कळतं. आत निघाला आय-७ २६००, म्हणजे २०११ चा. २०२२ चा साधा आय-३ १२१०० सुद्धा याच्यासारखाच चार कोर, आठ थ्रेडचा (एका वेळी किती कामं उरकतो त्याचे आकडे) आहे, पण याला सहज मागं टाकतो. २६०० वर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. इंटेलची आठवी पिढी तरी लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

“४ जीबी ग्राफिक्स.” गेमचं चित्र पडद्यावर उभं करणारं ग्राफिक्स कार्ड कुठलं, ते मेसेजमध्ये नाहीच. आत जीटी ७३० होतं, डीडीआर३ मेमरीचं. जीटीएक्स १६५० सुद्धा ४ जीबीचंच असतं. पण त्याची जीडीडीआर५ मेमरी सेकंदाला १२८ जीबी डेटा हलवते, तर जीटी ७३० ची डीडीआर३ मेमरी ३० जीबीच्याही आत. गेम अडखळतो तो इथं. जीबी म्हणजे गोदाम केवढं ते. माल किती वेगानं बाहेर येतो हे त्यावरून कळत नाही.

“४५० वॅट.” मला सगळ्यात जास्त राग याचा आला. एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, स्टिकरवर १२ व्होल्टपुढं १६ अँपिअर लिहिलं होतं. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड प्रामुख्यानं याच लाइनवर चालतात. उद्या आरटीएक्स ३०६० कार्ड बसवायचं म्हटलं तर ते एकटंच १७० वॅटचं आहे.

१६ जीबी रॅमबद्दल तक्रार नाही, तेवढी हवीच. फक्त ८-८ च्या दोन स्टिक घ्या.

“सगळे गेम चालतात.” जुने चालतील. टॅलीचा हिशेब, सेवासिंधू या कर्नाटक सरकारच्या पोर्टलवरचे फॉर्म यांनाही तो पीसी पुरेल. मग तशा कामाचा पीसी म्हणून आणि तशाच किमतीत विकावा.

“६० हजार उगाच.” उगाच नव्हे, पण त्यातला तिसरा हिस्सा तरी कार्डात गेला पाहिजे, लाइटच्या पंख्यांत नको. बेंगळुरूच्या एसपी रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात स्वस्त मिळालं, तरी बिघडल्यावर पाचशे किलोमीटर पेटी कोण नेणार, हेही हिशेबात धरा. पावसात खानापूरकडं लाइट किती वेळा जाते ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणून यूपीएसचे पैसे आधीच बाजूला ठेवा. दुकानात कोटेशन मागा: प्रोसेसर, कार्ड, बोर्ड, एसएमपीएस, एसएसडी, प्रत्येकाचं पूर्ण मॉडेल. जीएसटी बिलावर सीरियल नंबरही घ्या. नुसतं ‘४ जीबी ग्राफिक्स’ लिहून दिलं तर कागद तिथंच ठेवून बाहेर पडा.