एका दिवसात किती खाड्या?

शनिवारी कट्ट्यावर पोहोचलो तोवर पक्याचा बेत ठरूनही गेला होता. तुळशीचं लग्न झालं की निघायचं, ताम्हिणीतून कोकणात उतरायचं, पहिला मुक्काम दिवेआगर आणि तिथून समुद्राच्या कडेकडेने थेट गोव्यात केरीपर्यंत. चार दिवस. "बाणकोट, दाभोळ, जयगड, तेरेखोल. चारही खाड्या फेरीबोटीने. त्यातल्या तीन तर दुसऱ्याच दिवशी उरकू," तो म्हणाला.

'उरकू' हा शब्द मला टोचला.

"अरे, उरकायचंच असेल तर हायवेने जा ना," मी म्हणालो. "दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीचा रस्ता बघितलायस? डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला पाणी, मध्ये जेमतेम रस्ता. तिथे गाडी न थांबवता जाणारा माणूस मी तरी पाहिला नाही. पुढे हरिहरेश्वर. मग बागमांडल्याहून बाणकोटची खाडी ओलांडून पलीकडे वेशवीला उतरलास की वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. हर्णैचा मासळीचा लिलाव संध्याकाळी बघायचा की घड्याळ?"

"नकाशात तर बोटभर अंतर आहे."

नकाशाचं हेच फसवं आहे, आणि ते मी भोगलंय. दोन वर्षांपूर्वी हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर रेंगाळलो आणि बागमांडल्याच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा शेवटची बोट गेलेली. पलीकडे वेशवीचे दिवे दिसत होते. घरच्यांना घेऊन अंधारात म्हसळा, आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड असा वळसा घातला. आई मागे बसून एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासून माझा नियम आहे: दिवसाला एकच खाडी, आणि मुक्काम ती ओलांडल्यावर.

शुभाची काळजी वेगळीच होती. गाडी तिची, चालवणारही तीच. "बोटीवर चढवताना गाडी खालून घासते म्हणतात. माझी गाडी बुटकी आहे."

याचं उत्तर मिलिंदकडे होतं. त्याचं आजोळ गुहागर तालुक्यातलं. "बोटीची फळी धक्क्याच्या उतारावर टेकते. भरतीला ती जवळजवळ सपाट असते. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाणी खाली गेलं की बोटही खाली, आणि फळी नि उतार यांच्यामध्ये कोन पडतो. तिथेच बंपर लागतो. त्यात खालचा उतार शेवाळलेला, चाकं फिरतात. म्हणून भरती बघून जायचं."

"आणि भरती कुठे बघायची?"

"तिथीची पाऊणपट कर. आपण दाभोळला असू त्या दिवशी पंचमी आहे. पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती, त्याच्या सहा तास आधी, म्हणजे दहाच्या सुमाराला पूर्ण सुकती. सकाळी दाभोळला चंडिकादेवीचं दर्शन घे, जेव आणि दोननंतर बोटीत चढ. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. माझे आजोबा पंचांग बघून होडी काढायचे."

शुभाने ते लगेच मोबाइलमध्ये लिहून घेतलं. वर मी सांगितलं की काही बोटींवर गाडी मागे घेत चढवावी लागते, तेव्हा खलाशी हाताने दाखवतो तेवढंच बघायचं, आरशात बघून गडबडायचं नाही. चढली की हॅण्डब्रेक ओढायचा, गिअरमध्ये टाकायची आणि खाली उतरून कठड्याशी उभं राहायचं. साखळी खडखडत फळी वर येते, इंजिनाची धडधड पायाखाली जाणवते, एसटीची वाट बघावी तशी वाट बघणाऱ्या कोळणी टोपल्यांवर हात ठेवून बसलेल्या असतात. ती काही मिनिटं मला अख्ख्या प्रवासात सगळ्यात प्रिय आहेत.

"पूल झाले की हे सगळं जाणार," मी म्हणालो. रेवस-रेड्डी सागरी महामार्गात या खाड्यांवर पूल बांधायचं ठरलं आहे. बाणकोटच्या खाडीत तर अर्धवट पुलाचे खांब कित्येक वर्षं उभे होते.

मिलिंद एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "माझी मावशी दाभोळला दिलेली. समोर आमच्या बाजूला धोपावे. 2003 मध्ये फेरीबोट सुरू झाली तेव्हा तिने पेढे वाटले होते. पण आजी रात्री गेली. रात्री बोट नाही. मावशी चिपळूणवरून फिरून, शंभरावर किलोमीटर करून आली. तोवर आजीला नेलं होतं. पूल झालाच पाहिजे."

यावर मी काय बोलणार? पूल झालाच पाहिजे. मला बोट आवडते कारण मी तिकडे वर्षातून एकदा जातो.

पक्याही जरा नरमला. गोवा गळालं. आता बेत असा: पहिल्या दिवशी दिवेआगर. दुसऱ्या दिवशी बाणकोटची खाडी आणि हर्णैला मुक्काम. तिसऱ्या दिवशी दाभोळ ओलांडून गुहागर. चौथ्या दिवशी हेदवीचा दशभुजा गणपती, तवसाळहून जयगड, मालगुंडला केशवसुतांचं घर, आरे-वारेचा रस्ता आणि रत्नागिरी. पाचव्या दिवशी आंबा घाटातून कोल्हापूरमार्गे परत. पेट्रोलची टाकी दापोलीत भरायची, कारण किनाऱ्याच्या गावांत पंप शोधत बसण्यात अर्थ नाही.

"म्हणजे एक रजा जास्त टाकावी लागणार," पक्या कुरकुरला.

"टाक."

मिलिंदने तिथूनच मामांना फोन लावला, तवसाळची शेवटची बोट किती वाजता सुटते ते विचारायला. स्पीकरवर मामा म्हणाले, "बोटीचं सांगतो रे, पण किती जण येताय? आणि मासे खाणारे किती?"