राखणदाराचा डबा

आमच्या घरात दारूचा थेंब येत नाही, त्यामुळे सूर्याचा फोटो काढायच्या माझ्या बेतात पहिली अडचण आली ती बिअरची. गोव्यात राहून बिअरचा कॅन मिळेना म्हटलं तर लोक हसतील. पण बारवाल्यासमोर उभं राहून ‘रिकामा आहे का हो?’ असं विचारून बघा एकदा. शेवटी भरलेलाच आणला आणि सकाळी माडाच्या आळ्यात ओतला. शेजारच्या काकी कुंपणाआडून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, हेच वाईट.

बाकी कृती सोपी. कॅनचं वरचं झाकण कापायचं. आईच्या शिवणाच्या डब्यातली सगळ्यात बारीक सुई घेऊन त्याच्या पोटाला एक भोक पाडायचं. न्हाणीघरात लाल दिवा लावून कृष्णधवल फोटोचा कागद भोकासमोर आतून गोल बसवायचा आणि सगळं काळ्या टेपने गुंडाळायचं. लेन्स नाही, बटण नाही. डबा महिनोन्‌महिने एका जागी बांधून ठेवला की सूर्य त्यात रोज एक रेघ ओढून जातो. कागद धुवायचाही नसतो, ऊनच तो काळा करतं. इंग्लंडात हर्टफर्डशर विद्यापीठाच्या वेधशाळेत २०१२ साली लावलेला असा एक कॅन सगळे विसरून गेले. २०२० साली तो सापडला तेव्हा त्यात २,९५३ रेघा होत्या. विसरण्यात माझा हात कोण धरणार, तेव्हा आपल्यालाही जमेल असं वाटलं.

तरी पहिलं वर्ष फुकट गेलंच. भोक दक्षिणेला करा, असं वाचून मी केलं. पण ते लिहिणारे पार वरच्या, थंड देशांतले. आपली पणजी साडेपंधरा अंशांवर. इथे मेच्या सुरुवातीला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि जूनमध्ये उत्तरेला कलतो. माझ्या दक्षिणेकडे बघणाऱ्या डब्यातून तो उन्हाळ्यात चक्क निसटला.

दुसऱ्या वर्षी २२ डिसेंबरला डबा पश्चिमेकडे तोंड करून फणसाला बांधला. पाऊस यायच्या आत, मेअखेर काढायचा असं ठरवलं. जानेवारीत बघतो तर डब्याखाली एक विडी. मग मेणबत्ती. मग रोट. काकींना विचारलं, तर त्या उलट माझ्यावरच डाफरल्या, “तूच नाही का बिअर ओतून डबा बांधलास? राखणदाराचं काम गुपचूप करायचं असतं होय रे?”

राखणदार म्हणजे आमच्याकडे गावाची राखण करणारा देव, त्याला दारू, विडी, मेणबत्ती, रोट (जाड भाकरी) देतात. मी सुई, भोक, रेघा, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शिगम्यात डब्याला अबोलीची माळ घातली. मी तेव्हा गावाला गेलो होतो.

मेअखेर कागद काढला. स्कॅनरचा उजेडही त्याला खातो, म्हणून एकदाच स्कॅन केला आणि काळ्याचं पांढरं करून पाहिलं. डिसेंबरच्या रेघा एकमेकींना चिकटून, मार्चच्या सुट्या सुट्या, कारण तेव्हा सूर्य रोज भराभर सरकतो. आणि त्या मार्चातच एक काळा पट्टा. चार दिवस सूर्य गायब! ढग म्हणावेत तर मार्चात गोव्यात ढग कुठले? भोकावर माळ लोंबत होती.

चित्र काकींना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून तो पट्टा नीट बघितला.

“चार दिवस ठेवून घेतली हो त्यानं माळ,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षी बिअर जरा बरी आण.”