पंपाची मोटर आणि आमचा आत्तेभाऊ

आज दुपारी दीडला वर्कशॉप पोरांवर टाकून मी कोल्हापुरात रमणमळ्यातल्या एका बाथरूममध्ये उकिडवा बसून टॉर्च धरला होता. प्लंबर फरशी ठोकून बघत होता आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी दारात उभ्या राहून "आमच्या हॉलच्या पीओपीचं काय?" म्हणून मलाच झाडत होत्या. फ्लॅट माझा नाही. आत्तेभावाचा आहे, तो मेलबर्नला असतो. फोटो पाठवले, पाईप बदलायला २,४०० लागतील म्हणून कळवलं. उत्तर आलं, "दादा, पक्कं बिल घे हं त्याच्याकडनं."

पक्कं बिल. प्लंबरकडनं.

तिथंच डोकं फिरलं म्हणून हे लिहितोय. आपल्या बॅचमधल्या निम्म्यांची भावंडं बाहेर आहेत, त्यामुळं तुम्हाला वेगळं सांगायला नको.

२०२१ च्या जुलैतला पूर आठवा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट आणि पाणी ५६ च्या घरात. ह्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं तेव्हा रात्री अकराला फोन, "दादा, पंपाची मोटर काढली का कुणी, बघ ना जरा." गेलो. वॉचमन आणि मी, कमरेएवढ्या पाण्यात, पान्हा दातात धरून अंधारात बोल्ट चाचपत होतो. मोटर खांद्यावर मारून पहिल्या मजल्याच्या जिन्यात नेऊन ठेवली, फोटो टाकला. फॅमिली ग्रुपवर त्याचा अंगठा आला. नुसता अंगठा.

आता त्या अंगठ्यावरनं आठवलं. दर ११ महिन्यांनी भाडेकरार रजिस्टर करायचा, त्यालाही अंगठा माझाच. त्यानं तिकडनं वटमुखत्यारपत्र पाठवलं, ते इथं पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प भरून घ्यायचं असतं, त्या रांगेत मी. करारवाला मशीन घेऊन येतो आणि माझ्या अंगठ्याच्या रेषा ग्राइंडरवर झिजलेल्या, ते मशीन काही वाचत नाही. पुसा, परत ठेवा, तेल लावा, परत ठेवा. भाडेकरू सर चहा गार होईपर्यंत बसून राहतात बिचारे.

त्या सरांचं तर वेगळंच. मालक परदेशात म्हटल्यावर भाड्यातनं ३१.२ टक्के टीडीएस भाडेकरूनं कापून भरायचा असतो, पहिल्या रुपयापासून. त्यासाठी टॅन नंबर, म्हणजे टॅक्स कापणाऱ्याचा नंबर, काढा, दर तीन महिन्यांनी रिटर्न भरा. मालक इथलाच असता तर १६ हजार भाड्यावर सरांना एक रुपया कापावा लागला नसता. सर मला म्हणाले, "मला नोटीस आली तर हो?" ह्याचं उत्तर लेथवर काम करणाऱ्या माणसानं द्यायचं? शेवटी सीए मीच गाठून दिला. कापलेला टॅक्स आत्तेभाऊ रिटर्न भरून परत मिळवतो, ती गोष्ट वेगळी.

मान्य आहे, कर्जाचा हप्ता तो भरतो. १६ हजार भाड्यात निम्मा हप्तासुद्धा निघत नाही हेही खरं. २०२२ च्या मे महिन्यापासून रिझर्व्ह बँकेचा रेपो रेट ४ वरनं साडेसहावर गेला तेव्हा बँकेनं मुदत किती वर्षांनी लांबवली हे तो मला फोनवर सांगत होता, मी "हं हं" करत होतो. पण म्हणून मी फुकटचा मुकादम? घरफाळा मी भरायचा, सोसायटीच्या मीटिंगला मी बसायचं, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती मी द्यायची. मेलबर्नात तो स्वतः भाड्याच्या घरात राहतो. तिथं नळ गळला तर एजंट बघतो आणि दर महिन्याला मालकाच्या भाड्यातनं आपले टक्के कापून घेतो. हे त्यानंच मला कौतुकानं सांगितलेलं! इथला एजंट कोण, हे मात्र कधी त्याच्या डोक्यात आलं नाही. २०२५ च्या ऑगस्टात इथं हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, लगेच मेसेज, "वकील लोकांना फ्लॅट लागतील, भाडं वाढवूया का?" कोल्हापूरच्या बातम्या माझ्याआधी ह्याला कळतात. बाथरूम गळतंय ते कळत नाही.

मला पैसे नकोत.

नकोत कशाला, पाहिजेत. अर्धा दिवस वर्कशॉप सोडलं की दोन जॉब मागं पडतात. गिऱ्हाईक मेलबर्नला नसतंय, उद्यमनगरात माझ्या टेबलासमोर उभं असतंय.

हे लिहिता लिहिता बायकोनं वाचलं आणि म्हणाली, "मोटरीचं अर्धंच का लिहिलंय?" तर बाकीचंही लिहितो.

तो फ्लॅट त्यानं आत्यासाठी घेतला होता. त्याला खरं तर गावाकडं जमीन घ्यायची होती, पण परदेशातल्यांना शेतजमीन विकत घेता येत नाही, म्हणून फ्लॅट. आत्याचे गुडघे गेलेले, म्हणून लिफ्टवाला. मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात आत्या कोविडनं गेली. ऑस्ट्रेलियानं तेव्हा भारतातनं येणारी विमानंच थांबवली होती. इकडं आला असता तर बायकोपोरांकडं परत कधी जाईल, काही सांगता येत नव्हतं. स्मशानात बाहेरच्या बाजूला मी फोन धरून उभा होतो, एवढंच त्याला दिसलं.

मोटर काढली ती त्यानंतर अडीच महिन्यांनी. ग्रुपवर अंगठा आला आणि लगेच व्हिडिओ कॉल आला. भिजलेल्या कपड्यांनी वर जाऊन फ्लॅट उघडला. लाईट नव्हती, मोबाईलच्या उजेडात फिरवून दाखवलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "दादा, किचन दाखव." ओट्यावर आत्याचा मिसळणाचा डबा तसाच होता, आतल्या हळदीत चमचा उभा. माझ्या पँटीतनं पाणी टपकून फरशीवर थारोळं झालेलं. पाचेक मिनिटं मी तसाच फोन धरून उभा राहिलो.

म्हणून तो फ्लॅट विकत नाही. मी तीनदा सांगून बघितलं, हप्त्याला भाडं पुरत नाही, विकून टाक. विषय बदलतो.

पण भावा, पक्कं बिल?

प्लंबर उद्या दहाला परत येणार आहे, पाईप, कोबा, फरशी सगळं. ह्या वेळी पैसे आधी टाक म्हणून मेसेज केलाय, आणि महिन्याला माझ्या पेट्रोलपाण्याचं काय ते एकदा ठरव, असंही लिहिलंय. अजून निळ्या टिका झालेल्या नाहीत. इथं साडेनऊ म्हणजे तिकडं रात्रीचे दोन. झोपला असेल.