‘परक्याचा संशय निसर्गानेच दिला आहे’ : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

आपल्याहून वेगळ्या माणसाविषयी वाटणाऱ्या संशयाचे समर्थन करणारा एक मजकूर सध्या सर्रास पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा : परक्याचा संशय ही निसर्गाची देणगी आहे, एखाद्या समूहाविषयीचे मत पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून बनते, म्हणून त्यात तथ्य असतेच, असे मत मनात ठेवल्याने कुणाचे काही बिघडत नाही, आणि माणसे मुद्दाम एकत्र आणली की तेढच वाढते. चांगली शिकलेली माणसे हा मजकूर ‘शास्त्रीय’ म्हणून पुढे पाठवतात, याचे मला अधिक वाईट वाटते.

माणूस ‘आपले’ आणि ‘परके’ अशी विभागणी झटकन करतो, हे मान्य केलेच पाहिजे. सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना सांगितले की, क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांपैकी तुम्हाला कोण अधिक आवडले त्यानुसार तुमचे गट पाडले आहेत. प्रत्यक्षात ते कोणत्याही निकषाविना पाडलेले होते. तरीही, आपल्या गटात कोण आहे हे ठाऊक नसताना, मुलांनी पैशांची वाटणी करताना स्वतःच्या गटाला झुकते माप दिले. परंतु विभागणीला इतका क्षुल्लक आधार पुरत असेल, तर ती वंशावर, धर्मावर किंवा भाषेवरच बेतलेली असावी असे निसर्गाने ठरवले आहे, हे म्हणणे टिकत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवजात बालकांनी वेगवेगळ्या वंशांच्या चेहऱ्यांत भेद केला नाही. तीन महिन्यांची बाळे मात्र आपल्या वंशाच्या चेहऱ्यांकडे अधिक वेळ पाहू लागली होती. दोन्ही प्रकारचे चेहरे रोज दिसणाऱ्या बाळांत हा कल आढळला नाही, असे पुढच्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासात दिसले.

अनुभवाचा मुद्दा सर्वांत प्रभावी आहे आणि माझ्या मते सर्वांत फसवाही आहे. १९७६ मध्ये डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी लोकांना ३९ वाक्ये वाचायला दिली. प्रत्येक वाक्यात ‘अ’ किंवा ‘ब’ गटातील एका माणसाचे एक वर्तन सांगितले होते. ‘अ’ गटाची १८ वर्तने चांगली आणि ८ वाईट होती. ‘ब’ गटाची ९ चांगली आणि ४ वाईट होती. म्हणजे प्रमाण दोन्हीकडे तंतोतंत तेच होते आणि वाचणाऱ्यांच्या मनात या गटांविषयी आधीचे कोणतेही मत नव्हते. तरीही वाईट वर्तने त्यांनी प्रमाणाबाहेर ‘ब’ गटाच्या माथी मारली आणि तो गट कमी प्रतीचा ठरवला. याचे प्रचलित स्पष्टीकरण असे की, संख्येने कमी असलेला गट आणि क्वचित घडणारे वाईट वर्तन, या दोन विरळ गोष्टी एकत्र आल्या की त्या मनात घट्ट रुतून बसतात. अल्पसंख्य समूहातील एकाने केलेला गुन्हा वर्षानुवर्षे लक्षात राहतो आणि तोच गुन्हा आपल्यांतील दहा जणांनी केला तरी त्याची ‘त्यांची खोड’ होत नाही, ते याचमुळे.

एकदा मत बनले की पुढचा अनुभव ते दुरुस्त करतो, हीदेखील समजूतच आहे. जॉन डार्ली आणि पॅजेट ग्रॉस यांच्या १९८३ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चौथीतील एका मुलीची चित्रफीत दाखवण्यात आली. काहींना ती सुखवस्तू घरातील असल्याचे दिसले, तर काहींना गरीब वस्तीतील असल्याचे. एवढेच पाहून तिची कुवत ठरवायला सांगितले, तेव्हा दोन्हींकडचे अंदाज जवळपास सारखे आले, कारण पुराव्याशिवाय बोलू नये एवढे भान लोकांना होते. इतरांना मात्र तिची तोंडी परीक्षाही दाखवली, ज्यात ती काही अवघड प्रश्न सोडवते आणि काही सोप्यांवर अडखळते. मुलगी तीच आणि उत्तरेही तीच असताना, एकांना ती इयत्तेच्या पुढे वाटली आणि दुसऱ्यांना मागे. पुरावा हाती आल्यावर दरी रुंदावली आणि दोन्ही बाजूंना वाटत राहिले की आपण डोळ्यांनी पाहूनच बोलत आहोत. शितावरून भाताची परीक्षा होते ती सगळे तांदूळ एकाच पातेल्यात शिजलेले असतात म्हणून; माणसांच्या समूहाला ही कसोटी लावता येत नाही.

मनातले मत निरुपद्रवी असते, या मुद्द्यावर फार थांबण्याची गरज नाही. बॉस्टन आणि शिकागो येथील नोकऱ्यांसाठी पाठवलेल्या सुमारे ५,००० काल्पनिक अर्जांच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गोऱ्यांची वाटणारी नावे असलेल्या अर्जांना कृष्णवर्णीयांची वाटणारी नावे असलेल्या अर्जांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली. अर्ज बाजूला ठेवणाऱ्यांपैकी कुणीही कुणाला अपशब्द वापरला नव्हता.

राहिला एकत्र येण्याचा मुद्दा. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच बजावले होते की नुसती गाठभेट पुरेशी नाही. दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट सामायिक हवे, त्यासाठी सहकार्य हवे आणि अधिकारी संस्थांचा पाठिंबा हवा. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये वेगवेगळ्या गटांतील संपर्काविषयीच्या ५१५ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण केले, तेव्हा बहुतांश ठिकाणी संपर्कासोबत पूर्वग्रह कमी झालेला आढळला. या अटी पूर्ण नसतानाही बऱ्याचदा तो कमी झाला आणि जेथे त्या पाळल्या गेल्या तेथे आणखी कमी झाला. धमकीच्या किंवा अपमानाच्या छायेतील संपर्काने तेढ वाढते, हे खरे आहे. म्हणून ‘एकत्र आणल्याने बिघडले’ असा दाखला कुणी दिला, तर त्या माणसांना समान दर्जाने एकत्र आणले होते का, हे आधी विचारले पाहिजे.